जुन्या वसतिगृहाच्या भिंतीला हात लावण्याआधी

पहिला दणदणीत पाऊस येईल तेव्हा छत्री घ्या आणि वसतिगृहाभोवती एक फेरी मारा. पन्हळीतलं पाणी कुठे पडतं, कोणत्या कोपऱ्यात भिंत काळी होते, जोत्यापाशी डबकं कुठे साचतं, हे पेन्सिलीने नकाशावर टिपून ठेवा. गवंडी नंतर बोलवा. ग्वाल्हेर आणि आसपासच्या दगडी इमारतींच्या डागडुजीवर मी ३१ वर्षं ओव्हरसियर होते. त्यातली बरीच कामं निवासी शाळांच्या आवारातली. रंगाचं टेंडर काढण्याआधी ही फेरी झालीच पाहिजे, असं मी प्रत्येक नव्या इस्टेट मॅनेजरला सांगत आले, आणि आज ज्यांच्या अंगावर अशी जुनी इमारत येऊन पडली आहे त्यांनाही तेच सांगते.

फेरी झाली की इमारत मुळात कशासाठी बांधली ते शोधा. आमच्या किल्ल्यावरचंच उदाहरण घ्या. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, तिथे पलटण राहिली, आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंदे सरकारांना परत मिळाला. माधवराव महाराजांनी सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये काढलेली शाळा १९०८ मध्ये वर किल्ल्यावर आली ती पलटणीच्या रिकाम्या बराकींत. आज ती सिंधिया स्कूल. तिथल्या हाउसची, म्हणजे वसतिगृहांची, नावं महादजी, राणोजी, जयाप्पा, दत्ताजी अशी, आणि एकाचं नाव चक्क कण्हेरखेड, म्हणजे शिंद्यांचं साताऱ्याकडचं मूळ गाव. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेल्या माझ्यासारख्या मराठी मुलीला ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भरून आलं होतं.

बराक होती हे कळल्याने कामात काय फरक पडतो? खूप. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांच्या आरोग्यावर १८६३ मध्ये शाही आयोगाचा अहवाल आला. लढाईपेक्षा रोगराईने माणसं जास्त मरत होती. त्यानंतरच्या बराकींत जोतं उंच, छत उंच, बाजूंना रुंद व्हरांडे आणि वर रोशनदानं, म्हणजे छताजवळचे झरोके, हे सगळं हवेच्या हिशेबाने बसवलं जाऊ लागलं. गरम हवा वर चढून रोशनदानातून बाहेर जाते आणि व्हरांडा भिंतीवर ऊन पडू देत नाही. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा अशा खोलीत पंख्यावर निभतं. म्हणून व्हरांड्याला काच लावून खोल्या वाढवू नका, रोशनदानं विटांनी बुजवू नका. ती बुजली की पहिल्या वर्षी गाद्यांना कुबट वास येतो, दुसऱ्या वर्षी छताला बुरशी येते.

आता भिंत. नखाने किंवा चाकूच्या टोकाने दर्जेतला, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातला, मसाला थोडा खरवडून पाहा. पांढरट, ठिसूळ, मधूनमधून चुन्याचे पांढरे कण दिसत असतील तर तो चुना. करडा, टणक, चाकूला दाद न देणारा असेल तर मागच्या कुणीतरी सिमेंट भरलं आहे.

हे ‘मागचं कुणीतरी’ मी स्वतःही होते. नोकरीच्या सहाव्या वर्षी एका वसतिगृहात खालच्या चार फुटांत ओल होती. मी सिमेंटचा गिलावा सांगितला. वर्षभर भिंत कोरडी, गुळगुळीत, सगळे खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ओल गिलाव्याच्या कडेच्या वर, साडेपाच फुटांवर दिसू लागली आणि तिथल्या दगडाचे पापुद्रे सुटायला लागले. जमिनीतली ओल दगडातून वर चढते आणि जिथे वाट मिळेल तिथून हवेत जाते. चुन्यातून ती जाते, सिमेंटमधून जात नाही. मग ती वर सरकते, आणि सुकताना बरोबरचा क्षार दगडाच्या छिद्रांत मागे ठेवते. त्याचे स्फटिक फुगतात आणि आतून दगड फोडतात. तो गिलावा आम्ही पुढे काढला तेव्हा कितीतरी ठिकाणी दगडाची कातडीच त्याच्याबरोबर निघून आली. ते तासून-घडवून बसवलेले दगड होते. ते परत येत नाहीत.

म्हणून चुनाच, आणि तोही घाईने नव्हे. कळीचा चुना विझवताना हौदात आधी पाणी भरा आणि चुना थोडा थोडा पाण्यात सोडा. चुन्यावर पाणी ओतलंत तर उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे हवेतच, आणि मुलांना त्या दिवशी तिकडे फिरकू देऊ नका. विझवलेला चुना गाळून पाण्याखाली निदान महिनाभर राहू द्या. जितका मुरतो तितका लोण्यासारखा होतो. मग एक भाग चुन्याला तीन भाग खरखरीत, धुतलेली वाळू. बाहेरच्या, पाणी लागणाऱ्या कामाला वाळूतला काही भाग कमी करून सुरखी घाला, म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटांची पूड. तिने मसाला ओलीतही धरतो. जुने गवंडी गूळ आणि बेलफळाचं पाणी घालत. माझा अनुभव चांगला आहे, पण आधी मागच्या भिंतीवर हातभर तुकडा करून बघा आणि महिनाभर थांबा.

दगडांमधल्या दर्जा भरताना जुना मसाला छिन्नीने हाताने काढा, किमान २५ मिलिमीटर खोल. ग्राइंडर लावू देऊ नका. एक झटका आणि दगडाची कड जाते. दर्जेत पाणी मारून मसाला आत दाबा आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगडासारखा होतो आणि त्याला वेळ लागतो. तोवर सुकू देऊ नका. माझ्याबरोबर काम केलेले ग्वाल्हेरजवळच्या मुरारचे एक वृद्ध मिस्त्री संध्याकाळी निघताना न चुकता म्हणायचे, “दीदी, इसको बोरी उढ़ा दो.” ओलं गोणपाट निदान सात दिवस, उन्हाळ्यात दहा. गिलावा असेल तर एका थरात १० ते १२ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. या कामाला इथे सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर.

लोणा, म्हणजे पांढरा क्षार, धरलेली भिंत धुऊ नका, क्षार पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झटका आणि पडलेली पूड उचलून आवाराबाहेर टाका. मग कागदाचा लगदा साध्या पाण्यात भिजवून भिंतीवर थापा आणि पूर्ण सुकल्यावर काढा. तो क्षार शोषून घेतो. तीन-चारदा करावं लागतं.

भेग दिसली की लगेच बुजवायची नाही. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक थंडी जाऊ द्या. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे, आणि तिथे जुन्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा. शाबूत राहिली तर चुन्याने भरून टाका.

कठड्यावरचा पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर दगड सुटतात. बुंध्याशी कापा, मूळ मारायचं औषध लावा आणि मेलेलं मूळ कुजून पडलेली पोकळी चुन्याने भरा. छताच्या पटियांचे, म्हणजे दगडी फरशांचे, सांधे आणि पन्हळी दरवर्षी मे अखेरीस साफ करा. एवढं एक काम नेमाने झालं तर वर लिहिलेल्यातलं निम्मं कधी करावंच लागणार नाही.

आवार एखाद्या संरक्षित स्मारकाजवळ असेल, तर काम सुरू करण्याआधी परवानगी. किल्ल्यावर तर तेली का मंदिर, सास-बहू, मानमंदिर सगळीच पुरातत्त्व खात्याची. १९५८च्या कायद्यातल्या २०१०च्या दुरुस्तीप्रमाणे स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. डागडुजीलाही परवानगी घ्यावी लागते. कागद वेळ खातो, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच टाका.

एक जाड वही ठेवा. कुठली भिंत, कोणता चुना, किती भाग वाळू, कुठल्या मिस्त्रीने, कोणत्या तारखेला. फोटोंच्या मागेही तारीख.

आणि डॉर्मेटरीच्या खिडक्यांच्या दगडी उंबऱ्यांवर मुलांनी कोरलेली नावं, साल, क्रिकेटचे स्कोअर दिसतील. पॉलिशवाला ते घासून चकाचक करून द्यायला तयार असतो, स्वस्तातही करतो. त्याला सांगा, खिडकीची लाकडी चौकट कर, उंबऱ्याला हात लावू नको.