पात्र मेलं, आता आत्म्याचं काय? नव्या डीएमसाठी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन खेळायच्या खेळात मरणाच्या दारातलं पात्र जगण्यासाठी फासा टाकतं, तो डेथ सेव्ह. तिसरा डेथ सेव्ह हुकला की टेबलावरचं कुणीतरी विचारतंच, "आता हा जाणार कुठं?" याचं उत्तर डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरनं, आयत्या वेळी सुचेल तसं देऊ नये. लोक वर्षभर पात्र सांभाळतात, त्याच्या शेवटाला "अंधार झाला" एवढंच ऐकायला आलेले नसतात.

आमचा खेळ बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, रविवारी चालतो. खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ ची, आणि त्यातलं काल्पनिक जग फरगॉटन रेल्म्सचं. खालचं सगळं त्या जगापुरतं.

पहिलं काम, आपापल्या घरचं परलोकशास्त्र दाराबाहेर ठेवायला लावा. आमच्या टेबलावर एक मराठा घरचा आहे, त्याच्या डोक्यात दहावा, पिंड आणि कावळा. एक लिंगायत मित्र आहे, त्याच्याकडं माणूस लिंगैक्य झाला, बसवून पुरला, विषय संपला. शेडबाळकडचा जैन दोस्त तर पहिल्याच वेळी वैतागला, "जीव क्षणात दुसऱ्या देहात जातोय, मग हे आत्मे थांबतात कशाला?" तिघंही आपापल्या जागी बरोबर. पण रेल्म्समध्ये पाप-पुण्याची वही नंतर उघडते. आधी विचारतात, तू कुणाचा? कुठल्या देवाचा? सीमाभागात वाढलेल्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही, १९५६ पासून तो आमच्या घरात जेवायला बसतोय.

म्हणून पहिल्याच सेशनला कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, देवाचं नाव लिहून घ्या. "नंतर बघू" चालवून घेऊ नका. चोर असला तरी मास्क नावाचा चोरांचा देव आहे, कुणाची अडचण होत नाही.

आता मेल्यावर. आत्मा आधी फ्यूग प्लेनवर येतो. करडं, सपाट, ना झाड ना डोंगर. मधे तटबंदीचं शहर, सिटी ऑफ जजमेंट. तिथं केलेमव्होर बसतो, मृतांचा देव. तो स्वतः एकेकाळी माणूसच होता, भाडोत्री लढवय्या. पण सगळे आत्मे त्याच्यासमोर जात नाहीत, आणि इथंच बहुतेक डीएम घाई करतात. आत्मे आधी मैदानात थांबतात आणि प्रत्येक देवाचे दूत येऊन आपापली माणसं घेऊन जातात. हे वर्णन करताना मी बेळगावचा सेंट्रल बस स्टँड डोळ्यासमोर आणतो: कंडक्टर दारात लटकून "निपाणी कोल्हापूर, निपाणी कोल्हापूर" ओरडतोय, पलीकडं कुणी "हुब्बळी धारवाड" ओरडतंय, आणि ज्याला आपल्या गावाचं नाव ऐकू येतं तो पिशवी उचलून चालू लागतो. खेळाडूला तसंच थांबवून ठेवा. दूत एकामागून एक येऊ देत, दुसऱ्यांचे देव पुकारू देत. त्याचा दूत यायला थोडा उशीर करा. खेळाडू आपणहून आठवायला लागतो, देवासाठी आपण नक्की काय केलं होतं.

याच वेळात डेव्हिल, म्हणजे नरकातले सैतान, येतात. त्यांना तिथं येऊन आत्म्यांशी सौदा करायची मुभा आहे. डेव्हिल आणि डीमन यांची गल्लत करू नका. डेव्हिल कराराचा कागद पुढं करतो. डीमन शहरावर धाड घालून आत्मे पळवतात, त्यांना सही लागत नाही. माझ्या टेबलावर डेव्हिल खोटं बोलत नाही, फक्त न विचारलेलं सांगत नाही. सही केलेला आत्मा नाइन हेल्समध्ये, म्हणजे डेव्हिलांच्या नरकात, लेम्युर होतो: आकार नसलेला मांसाचा गोळा, आठवणी गायब. तिथून वरच्या हुद्द्यावर बढती मिळू शकते, आणि डेव्हिल बोलतो ते त्या बढतीबद्दलच. आमच्या तुक्या नावाच्या हाफलिंगनं (बुटक्या जमातीचं पात्र) "लेम्युर म्हणजे काय?" एवढं विचारलं आणि वाचला.

कुणीच न्यायला आलं नाही तर केलेमव्होरपुढं. देवाशी दगा केलेल्यांना त्यांच्या कृत्यांप्रमाणं शिक्षा. आयुष्यभर एकाही देवाला न मानलेल्यांना फेथलेस म्हणतात, त्यांना शहराच्या तटाच्या भिंतीत चिणतात आणि तिथं ते हळूहळू विरघळतात. मला ही भिंत पटत नाही. भला माणूस केवळ नास्तिक म्हणून विटेसारखा वापरायचा? आमच्याकडं अशा आत्म्याला केलेमव्होरच्या शहरात काम मिळतं, नव्या आत्म्यांना वाट दाखवायचं. तुम्हाला भिंत ठेवायची असेल तर ठेवा, पण खेळ सुरू व्हायच्या आधी सांगा. मेल्यावर सांगितलंत तर भांडण होईल, आणि ते रास्त असेल.

मेलेल्याला परत आणायच्या मंत्रांचे, म्हणजे स्पेलचे, नियम पाठ असू देत. रिव्हिव्हिफाय: मरून एक मिनिट, म्हणजे लढाईचे दहा राउंड (फेऱ्या) झाले नसले तर, ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा. रेज डेड: दहा दिवसांपर्यंत, ५०० चा हिरा, आणि मुंडकं जाग्यावर हवं. ही दहा दिवसांची मुदत आमच्या टेबलावर कुणी कधी विसरत नाही, क्लेरिक, म्हणजे देवाचे मंत्र टाकणारं पात्र, सरळ "दहाव्याच्या आत" म्हणतो. रेसरेक्शन शंभर वर्षांपर्यंत, १,००० चा हिरा. ट्रू रेसरेक्शन दोनशे वर्षं, २५,००० चे हिरे, ते तुमच्या पार्टीला, म्हणजे पात्रांच्या टोळीला, परवडत नाही. मुदत पुरत नसेल तर जेंटल रिपोज: चिमूटभर मीठ आणि डोळ्यांवर दोन तांब्याची नाणी. हा मंत्र दहा दिवस टिकतो, आणि ते दिवस मुदतीत धरत नाहीत. गरीब पार्टीला याहून मोठा आधार नाही.

प्रेताला बोलतं करणारा स्पीक विथ डेड मंत्र वापरून "वर काय आहे?" असं विचारणारा एक तरी भेटतोच. त्याला शांतपणे सांगा, बोलतंय ते प्रेत, आत्मा नव्हे. पाच प्रश्न मिळतात, आणि जिवंतपणी जे माहीत होतं तेवढंच ते सांगतं. तोंड शाबूत नसेल तर तेवढंही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, आत्मा मोकळा हवा आणि राजी हवा. डेव्हिलच्या कागदावर सही झाली असेल तर तो मोकळा नाही, मग हिरे जाळून काय उपयोग? राजी असण्याचं खेळाडूनंच ठरवायचं. बोलावणाऱ्याचं नाव, त्याचं अलाइनमेंट (भलं-बुरं वळण) आणि त्याचा देव आत्म्याला कळतो, त्यावरून तो नकार देऊ शकतो. म्हणून बाकीचे हिरा शोधत फिरत असतात तेव्हा मेलेल्याला नुसता बसवून ठेवू नका. दर अर्ध्या तासानं त्याच्याकडं वळा, मैदानातला एखादा प्रसंग खेळा, एखादा डेव्हिल पाठवा. आणि क्लेरिक स्पेल टाकायच्या आधी त्याच्याकडून चिठ्ठीवर होय किंवा नाही लिहून घ्या, घडी घालून. बाकीच्यांचे चेहरे बघून उत्तर बदलता कामा नये.

चिठ्ठीत "नाही" निघालं तर आमच्याकडं हिरा शाबूत राहतो. तो मग कुणाकडं ठेवायचा यावरून पार्टीत जुंपते. त्यात डीएमनं पडू नये, सगळ्यांसाठी गिरमिट आणि मिरची भजी सांगावी आणि पुढच्या सेशनचे नकाशे काढायला घ्यावेत.