हायड्रोमीटरचा आकडा चुकतो कुठे?

आधी हायड्रोमीटरच (बिअर बनवताना द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवणारी तरंगती काचेची नळी) तपासा. डिस्टिल्ड पाण्यात, त्याच्या कागदी पट्टीवर छापलेल्या तापमानाला (बहुधा २० अंश सेल्सिअस), तो १.००० दाखवायला हवा. १.००२ दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून ०.००२ वजा करा. आतली पट्टी कधीकधी सरकते, म्हणून ही तपासणी अधूनमधून पुन्हा करावी.

गरम वर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा गोड द्रव) पातळ होतो आणि आकडा कमी येतो. २० अंशांवर १.०५० असलेला वर्ट ४० अंशांवर सुमारे १.०४४ दाखवतो. दुरुस्तीचे तक्ते मिळतात, पण खूप गरम वर्टसाठी त्यांच्यावर विसंबू नका. नमुना झाकून थंड होऊ देणंच बरं. उघडा ठेवला तर वाफ उडून आकडा वाढतो.

आंबवण सुरू झाल्यावर खरा त्रास बुडबुड्यांचा. ते काचेला चिकटून हायड्रोमीटरला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. नमुना दोन पेल्यांत दहा-बारा वेळा ओतून वायू काढा, नंतर हायड्रोमीटरला हलकी गिरकी द्या. तो भांड्याच्या कडेला टेकता कामा नये. डोळे द्रवाच्या पातळीवर आणा. काचेलगत द्रव किंचित वर चढलेला दिसेल, तो सोडून खालच्या सपाट पातळीवरचा आकडा घ्या.

वर्टमध्ये वरून पाणी घातलं असेल तर नीट ढवळल्याशिवाय सुरुवातीचा आकडा घेऊच नका. बाटल्या भरण्याआधी आकडा किमान तीन दिवस जागचा हलता कामा नये. मोजलेला नमुना पुन्हा पिंपात ओतू नका, जंतुसंसर्ग होतो.