स्किन की कॉस्मेटॉलॉजी? फी भरण्याआधी काय मोजायचं

दादर स्टेशनच्या पुलावरून उतरताना हातात कोंबली जाणारी पार्लरच्या कोर्सची पत्रकं एकत्र ठेवून बघा. ब्यूटी थेरपी, स्किन एक्स्पर्ट, एस्थेटिशियन, कॉस्मेटॉलॉजी: बऱ्याचदा काम तेच, पाटी वेगळी. अमेरिकेत ही नावं कायद्याने बांधलेली असतात. कॅलिफोर्नियात एस्थेटिशियनला (त्वचेचं काम करणारीला) 600 आणि कॉस्मेटॉलॉजिस्टला 1000 तासांचं शिक्षण लागतं, मग परीक्षा आणि मगच लायसन्स. आपल्याकडे पार्लरच्या कामाला असं वैयक्तिक लायसन्स नाही, त्यामुळे कोणीही कोणतंही नाव लावतं. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाची यादी मागा.

ढोबळ फरक असा. स्किनच्या कोर्समध्ये क्लीनअप, फेशियल, वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच, त्वचेचे प्रकार, हलके पील (त्वचेचा वरचा थर काढणारे लेप) आणि गॅल्व्हॅनिक किंवा हाय फ्रीक्वेन्सीसारखी छोटी मशिन्स येतात. कॉस्मेटॉलॉजीत हे थोडं कमी खोलीने आणि त्यावर केस, नखं, मेकअप. आयटीआयमध्ये ‘कॉस्मेटॉलॉजी’ हा एक वर्षाचा ट्रेड याच दुसऱ्या अर्थाचा आहे.

तिसरा एक अर्थ फिरतोय आणि तो महाग पडतो: ‘क्लिनिकल कॉस्मेटॉलॉजी’. बारावी पास मुलीला पंधरा दिवसांत लेझर, बोटॉक्स, फिलर शिकवतो म्हणणारी जाहिरात दिसली की पुढे चला. बोटॉक्स आणि फिलर इंजेक्शनने देतात, आणि इंजेक्शन हे नोंदणीकृत डॉक्टरचं काम आहे. डॉक्टर नसताना ते देणं गुन्हा आहे, आणि भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट तिथे उपयोगी पडत नाही. त्वचारोगतज्ज्ञाच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम करायचं असेल तर तो चांगला रस्ता आहे. पण ती नोकरी डॉक्टरच्या हाताखालची, हे आधीच मान्य करून जा.

मंगळवारची दुपार

निवड करताना बहुतेकजणी लग्नसराईतली नवरी डोळ्यांसमोर आणतात. त्याऐवजी जुलैमधला मंगळवार आणा, दुपारचे चार. तेव्हा तुम्ही काय करत असाल?

स्किनमध्ये असाल तर स्टूलवर बसून, मान किंचित खाली घालून, एकाच चेहऱ्यावर तासभर काम. खोलीत फारसं बोलणं नाही. त्रास होतो तो पाठीला आणि अंगठ्यांना. बेडची उंची तुमच्या कोपराच्या जरा खाली नसेल तर दोन वर्षांत मान धरते. केसांत असाल तर दिवसभर उभं राहणं, दंड खांद्याच्या उंचीवर, ड्रायरचा आवाज, एका कस्टमरचा रंग मुरतोय तोवर दुसरीचा कट. पायांच्या शिरा आणि मनगट आधी बोलायला लागतात. शिवाय हेअर डायमधल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी काहींच्या हातांना होते. बोटांच्या बेचक्यांत खाज आणि भेगा सुरू झाल्या तर ग्लोव्ह्जशिवाय रंगाला हात लावायचा नाही. एकदा बसलेली ही ॲलर्जी सहसा जात नाही, आणि तिच्यामुळे काहींना केसांचं काम सोडावं लागतं. घरी मेंदी-डाय लावून पूर्वी हात सुजले असतील तर हा मुद्दा फी भरण्याआधी विचारात घ्या.

पैशाचा हिशोबही दोन्हीकडे वेगळा चालतो. एका बेडवर एका वेळी एकच फेशियल होतं आणि चादर बदलणं धरून त्यात सव्वा तास जातो. केसांत रंग 30-35 मिनिटं मुरतो, त्या वेळात दुसरं डोकं होतं. म्हणून नुसत्या खुर्च्या-बेडच्या गणितात केस पुढे. स्किनची बाजू सावरते ती परत येणाऱ्या गिऱ्हाइकामुळे: आयब्रो 15 ते 20 दिवसांनी, वॅक्स आणि फेशियल साधारण महिन्याने. केस महिन्याला एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे रूट टचअपही (मुळाजवळ वाढलेल्या केसांना रंग) चार ते सहा आठवड्यांनी येतो. पण हेअरकटला लोक तीन-तीन महिने येत नाहीत.

स्किनमध्ये खरी परीक्षा कुठे असते

फेशियलचे स्ट्रोक दहा दिवसांत बसतात. वेळ लागतो तो कोणाला हात लावायचा नाही हे ओळखायला, आणि स्किनचा कोर्स चांगला की वाईट हे इथेच कळतं.

मुंबईच्या दमटपणात गजकर्ण आणि शिबं सर्रास दिसतात. मांडीच्या किंवा काखेच्या कडेला गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा दिसला तर तिथे वॅक्स नाही. संसर्ग त्याच बाईच्या अंगावर पसरतो आणि टॉवेलमार्फत पुढच्या कस्टमरला जातो. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्स टाळायचा, कारण पट्टीबरोबर वरची कातडीच निघते. रेटिनॉल क्रीम लावणारीला किमान पाच ते सात दिवस आधी ती बंद करायला सांगायचं. हे विचारल्याशिवाय डबा गरम करायचा नाही.

सगळ्यात अवघड प्रकरण मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या ‘गोरं करणाऱ्या’ क्रीमचं. अशा अनेक ट्यूबांत स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतात. महिनोन्‌महिने लावल्यावर गाल लाल, कातडी पातळ, बारीक शिरा दिसतात, उन्हात गेलं की आग होते, काहींच्या हनुवटीवर लव वाढते. बाई म्हणते, “चेहरा काळवंडलाय, ब्लीच करून टाक.” ब्लीच नाही, पील नाही, स्क्रबही नाही. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. क्रीम झटकन बंद केली तरी चेहरा उसळतो, म्हणून तो सल्लाही आपण द्यायचा नाही.

पीलचा प्रश्न यालाच लागून आहे. त्वचेचे प्रकार उन्हाला कशी दाद देतात यावरून फिट्झपॅट्रिक मापाने एक ते सहा लावतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणी चार-पाचमध्ये बसतात. अशा त्वचेला भाजलं, ओरखडलं की डाग पडतो आणि महिने राहतो. ग्लायकोलिक पील ठरलेल्या मिनिटाला न्यूट्रलाइज करावं, म्हणजे त्याचा असर थांबवावा लागतो. घड्याळाकडे लक्ष नसेल तर ते आत शिरत राहतं. ज्या क्लासमध्ये पील शिकवताना टेबलावर टायमर नाही आणि न्यूट्रलायझर आधी ओतून ठेवलेलं नाही, तिथे पील शिकू नका.

केसांचं पहिलं गणित

केसांत चुका लगेच दिसतात आणि महिनाभर कस्टमरबरोबर फिरतात. रंगात मिसळायच्या डेव्हलपरची ताकद तोंडपाठ हवी: 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. टाळूला 40 लावायचं नाही. आपले केस बहुतेक एक ते तीन लेव्हलचे, म्हणजे काळे ते गडद तपकिरी. ते उजळताना आधी लाल, मग नारिंगी छटा उघडी पडते. ‘ॲश’ म्हणजे राखाडी छटा मागणारीला हा नारिंगी टप्पा आधी समजावून सांगितला नाही तर भांडण ठरलेलं. संपूर्ण डोकं उजळताना मुळाजवळचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर भाग शेवटी घ्यायचा, कारण टाळूच्या उबेने तो लवकर उघडतो आणि डोक्यावर पिवळी टोपी घातल्यासारखं दिसतं. डायची पॅच टेस्ट कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, 48 तास आधी. “मी नेहमी लावते” म्हणणाऱ्या बाईचीही.

स्मूदनिंगला मुंबईत खरी गर्दी असते, विशेषतः मे-जूनमध्ये. तीन दिवस केस ओले करू नका असं बऱ्याच ब्रँडमध्ये सांगावं लागतं, आणि भर पावसात विरार लोकलने जाणाऱ्या बाईला ते जमत नाही. म्हणून तारीख देण्याआधी तिचा प्रवास विचारा. हे पुस्तकात नसतं, पण तक्रारी इथूनच येतात.

तास आणि हात

आता पत्रक हातात घ्या आणि गुणाकार करा. ‘तीन महिन्यांचा डिप्लोमा’, रोज तीन तास, आठवड्याचे पाच दिवस: 12 आठवड्यांचे 180 तास होतात. सुट्ट्या आणि थिअरी वजा केली की प्रत्यक्ष हात चालतो तो शंभरेक तास. तुलनेसाठी, 1946 साली सुरू झालेल्या सिडेस्को या आंतरराष्ट्रीय संस्थेचा ब्यूटी थेरपी डिप्लोमा किमान 1200 तासांचं प्रशिक्षण मागतो. 180 तासांत स्किनचा पाया पक्का होऊ शकतो. 180 तासांत स्किन, केस, नखं, मेकअप सगळं होऊ शकत नाही, आणि ‘ऑल इन वन’ तीन महिन्यांत विकणाऱ्याला हे माहीत असतं.

दुसरा आकडा हातांचा. विचारा: एका बॅचमध्ये किती मुली, किती बेड, आणि माझ्या एकटीच्या वाट्याला खरी माणसं किती? आमच्या अंदाजाने 50 आयब्रो, 20 पूर्ण हात-पाय वॅक्स आणि 15 फेशियल जिवंत माणसांवर केल्याशिवाय पैसे घेऊन काम सुरू करू नये. केसांत बेसिक कट प्रत्येकी दोनदा डमीवर आणि मग निदान 10 खऱ्या डोक्यांवर. ‘मॉडेल तुम्ही आणा’ हे उत्तर मिळालं तर घरातल्या किती बहिणी-वहिन्या येतील ते प्रामाणिकपणे मोजा.

डेमो क्लासला गेलात तर ट्रेनरच्या चेहऱ्याकडे नको, वॅक्सच्या डब्याकडे बघा. लाकडी स्पॅच्युला अंगाला लावून पुन्हा त्याच डब्यात बुडवला, की त्या क्लासचं स्वच्छतेचं सगळं समजलं. नवीन स्पॅच्युलाचा खर्च फार नसतो, प्रश्न सवयीचा असतो. तसंच यूव्ही बॉक्स. त्यात अवजारं निर्जंतुक होत नाहीत, निर्जंतुक केलेली फक्त ठेवायची असतात. रक्त लागण्याची शक्यता असलेली धातूची अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेच्या यंत्रात) 121 अंश सेल्सिअसला, 15 पौंड दाबाने 15 ते 20 मिनिटं. हे कोणी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा आणि उत्तर कसं येतं ते ऐका.

मग कोणी काय घ्यावं

वय सतरा-अठरा, दहावी झालेली आणि हाताशी एक वर्ष असेल तर आधी आयटीआय बघावं. फी खासगीच्या तुलनेत फारच कमी, सर्टिफिकेट सरकारी, आणि केस-त्वचा दोन्हीची चव मिळते. प्रवेश दहावीच्या निकालानंतर राज्याच्या ऑनलाइन केंद्रीय पद्धतीने होतात. तारीख चुकली की वर्ष गेलं.

सहा महिन्यांत घरात पैसे यायला हवे असतील तर स्किनचा पाया घ्या, थ्रेडिंग आणि वॅक्सिंगवर सगळ्यात जास्त वेळ द्या. घरोघरी जाऊन करायला सामान एका बॅगेत मावतं. केसांचं काम घरी सुरू करणं अवघड, कारण बॅकवॉशचं बेसिन, सांडपाण्याचा निचरा आणि दिवसभर पाणी लागतं. सकाळी दोन तास पाणी येणाऱ्या चाळीत ते कसं जमणार? फेशियल बेडला सहा बाय दोन फूट आणि डोक्यामागे दोन फूट मोकळे पुरतात.

मोठ्या सलूनमध्ये नोकरी हवी असेल, गर्दी आणि गप्पा आवडत असतील, तर कॉस्मेटॉलॉजी किंवा सरळ केसांचा कोर्स. दोन्हीत गोंधळ असेल तर फी भरण्याआधी जवळच्या पार्लरमध्ये दोन आठवडे मदतनीस म्हणून राहा. केस झाडा, टॉवेल धुवा, ट्रॉली लावा. पंधराव्या दिवशी तुम्ही कोणाच्या खांद्यावरून वाकून बघत होता हे आठवलं तर उत्तर मिळतं.

फिल्म-टीव्हीच्या मेकअपचं स्वप्न असेल तर ही दोन्ही सर्टिफिकेटं पुरेशी नाहीत. तिथे मेकअप-हेअर करणाऱ्यांच्या असोसिएशनचं कार्ड आणि सीनियरच्या हाताखालची वर्षं चालतात. मुंबईच्या असोसिएशनमध्ये बायकांना फक्त हेअरड्रेसर म्हणून घेत, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 नोव्हेंबर 2014 ला ती बंदी उठवली.

पैसे देताना

‘किट फुकट’ असेल तर किटमधल्या वस्तूंची ब्रँडसह लेखी यादी मागा आणि क्रॉफर्ड मार्केटमध्ये एक फेरी मारून घाऊक भाव काढा. बऱ्याचदा किटची किंमत फीमध्ये दुप्पट धरलेली सापडते. फीवर 18 टक्के जीएसटी वेगळा आहे का, हप्ता चुकला तर सर्टिफिकेट अडवतात का, मध्येच ट्रेनर बदलला तर काय, हे पावतीच्या मागे लिहून घ्या. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलची परीक्षा देतो म्हणणाऱ्या क्लासला विचारा की जॉब रोल, म्हणजे कोणत्या कामाची परीक्षा, नेमका कोणता आणि परीक्षक बाहेरचा येतो का. क्लासचंच सर्टिफिकेट आणि कौन्सिलचं सर्टिफिकेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परदेशात जायचं असेल तर आधी त्या देशाची, अमेरिकेत तर त्या त्या राज्याची तासांची अट बघा आणि तासांचा लेखी हिशोब देणाराच क्लास निवडा. हजेरीचं रजिस्टर कसं ठेवतात ते बघायला मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर त्या दिवशी टोकनही देऊ नका.