नेहमीच्या दवाखान्यातच मनावरचे उपचार कसे सुरू करावेत

झोप लागत नाही, डोकं जड राहतं, जेवण जात नाही, छातीत धडधडतं. मन आजारी पडलं की माणूस बहुतेक वेळा अशाच तक्रारी घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे येतो. तिथून मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी मिळते आणि ती अनेकदा पाकिटातच राहते. म्हणून माणसाला तज्ज्ञापर्यंत पाठवण्यापेक्षा तज्ज्ञाचं ज्ञान दवाखान्यापर्यंत आणावं, हे मला मनापासून पटतं. त्यासाठी महागडं ॲप लागत नाही. फोन, एक फॉर्म आणि नीट ठेवलेली एक यादी असली तरी काम सुरू होतं.

१. आधी माणसं ठरवा

तीन माणसं लागतात. औषध लिहून देणारे नेहमीचे डॉक्टर, रुग्णाचा पाठपुरावा करणारी एक व्यक्ती (नर्स किंवा समुपदेशक) आणि आठवड्यातून तासभर दुरून सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ युर्गेन उनुत्झर आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १८ दवाखान्यांतल्या, नैराश्य असलेल्या १,८०१ ज्येष्ठांवर तपासली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभराने या पद्धतीत ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती, तर नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण १९ टक्के होतं. आजच्यासारखे स्मार्टफोन तेव्हा कुणाच्या हातात नव्हते. फरक पडला तो कुणीतरी नेमाने विचारपूस केल्यामुळे.

२. प्रश्नावली मोबाइलवर आणा, पण नवव्या प्रश्नाची तयारी आधी करा

नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली वापरा. ती मोफत आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांनी बसून बोलायचं. गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइडचा त्रास, व्यसन, चालू असलेली औषधं यांची चौकशी करायचीच. पूर्वी कधी झोपेची गरजच न वाटता अनेक दिवस अफाट उत्साह होता का, हेही विचारायचं. कारण बायपोलर आजार (कधी अफाट उत्साह, कधी नैराश्य) असेल तर नुसतं नैराश्याचं औषध उलटू शकतं.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याशिवाय कोणतंही उत्तर आलं, की पाठपुरावा करणाऱ्या व्यक्तीच्या फोनवर लगेच सूचना आली पाहिजे आणि रुग्ण दवाखान्यातून निघण्यापूर्वी कुणीतरी त्याच्याशी बोललं पाहिजे. ही सोय होईपर्यंत फॉर्मची लिंक घरी पाठवू नका. रात्री अकराला कुणी तिथे खरं उत्तर भरलं आणि ते सकाळपर्यंत कुणी पाहिलंच नाही, असं होता कामा नये.

फॉर्म भरताना रुग्णाला एकटं बसू द्या. शेजारी बसलेले नातेवाईक स्क्रीनकडे बघत असतील, तर आधी ३ वर टेकलेलं बोट हळूच ० वर जातं.

३. यादी: सगळा डोलारा हिच्यावर

संगणकावरचा साधा तक्ता पुरे, फक्त तो पासवर्डमागे ठेवा. एका रुग्णाची एक ओळ: सुरुवातीचे गुण, आत्ताचे गुण, औषध आणि मात्रा, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचं कधी. समजा एका ओळीत दिसतंय: सुरुवातीला १७, सहाव्या आठवड्यात १६, शेवटचा फोन १९ दिवसांपूर्वी. या माणसाने तक्रार केलेली नाही, तो पुन्हा आलेलाही नाही. केसपेपरच्या गठ्ठ्यात तो कधीच सापडला नसता. अशा ओळी आपोआप लाल होतील अशी सोय करा. गुण निम्म्यावर यावेत आणि पुढे ५ च्या खाली जावेत, हे लक्ष्य ठेवा.

४. तज्ज्ञांसोबत आठवड्याचा तास

व्हिडिओ कॉलवर यादी उघडा आणि लाल ओळींपासून सुरुवात करा. मात्रा वाढवायची की औषध बदलायचं, समुपदेशन जोडायचं की रुग्णाला प्रत्यक्ष तपासायचं, हे तज्ज्ञ सुचवतील. सल्ला त्याच दिवशी केसपेपरवर उतरवा.

५. रुग्णाशी फोनवर

औषध सुरू झाल्यावर पहिला फोन आठवड्याभरात करा. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, मळमळीसारखा त्रास मात्र आधी जाणवतो, आणि गोळ्या सुटतात त्या याच काळात. “आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का?” हे पहिलं वाक्य. मेसेजमध्ये ‘नैराश्य’ हा शब्द लिहू नका. एकच फोन घरात चौघं वापरतात. ‘तुमच्या तपासणीची वेळ’ एवढं बास.

समुपदेशन व्हिडिओवर किंवा साध्या कॉलवरही होतं. समुपदेशनाचे ऑनलाइन धडे द्यायचे असतील तर सोबत माणूस हवा. कुणी विचारणारं असलं की लोक ते पुरे करतात.

पहिले तीन महिने दहाच रुग्ण घ्या. कुणी तीन फोन उचलले नाहीत, तरी नाव यादीतून काढू नका. केसपेपरवर खूण करून ठेवा. रक्तदाब दाखवायला ते येतील, तेव्हा समोर बसून विचारता येईल.