परदेशात गेल्यावर 'बघतो' म्हणणं कसं सोडायचं

जळगाव-धुळ्याकडून पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांचं बोलणं बदलणं एकदा करून झालेलं असतं. हॉस्टेलला महिनाभरात 'काय करी ऱ्हायना भो' हे अहिराणी तोंडातून जातं, आन् गावचा कोणी रूमवर आला की दोन मिनिटात परत चालू. समोरच्याला बघून बोलणं वळवायची ही सवय सगळ्याच माणसांत असते, हॉवर्ड जाइल्स नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात त्यावर अख्खी थिअरी मांडली. तर जर्मनीला जाताना घाबरू नका, कला येतेच तुम्हाला.

पहिलं काम 'बघतो'चं. आपल्याकडे 'बघतो ना भाऊ' म्हणजे होणार नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तिकडे मॅनेजरला हेच इंग्लिशमध्ये म्हणालो तर त्याने शुक्रवारची तारीख टाकून दिली आणि शुक्रवारी सगळ्यांसमोर विचारलं, झालं का? तिथे शब्दात जे आहे तेवढंच धरतात, चेहरा, थांबणं, घसा खाकरणं यातून फारसं कोणी काही काढत नाही. म्हणून वाक्य पाठ करा: नाही, या आठवड्यात जमणार नाही, बुधवारी देतो. आरशासमोर मोठ्याने म्हणा, हसू येईल, येऊ द्या. आणि आपलं ते बाजूला मान डोलवणं बंद, त्यांना ते हो की नाही पटकन कळत नाही.

जर्मनमध्ये 'झी' म्हणजे आपलं तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. सुरुवात झी ने करा, डू वर यायचं आमंत्रण बहुतेक मोठा माणूसच देतो.

घरात मात्र अहिराणीच बोला. पोरं शाळेतून येऊन जर्मनमध्ये उत्तर देतील, तरी आपण बदलायचं नाही, आजीचा व्हिडिओ कॉल त्यांच्याच हातात द्यायचा.

खरी गडबड सुट्टीत गावाला आल्यावर होते, हे कोणी सांगत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती, मामा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी वाढायला आला, मी म्हटलं 'नको, पोट भरलं', सरळ, जर्मन पद्धतीने. मामा तसाच पुढे गेला आणि संध्याकाळपर्यंत बोलला नाही, मायने मग कानात सांगितलं, रे तीनदा नाही म्हणायचं असतं. आता मी ताटावर हात आडवा धरतो, बोटं जरा फाकवून, म्हणजे मामाला पुरी सरकवता येते.