रानात मोकळ्या अंगानं चालायचंय? मराठवाड्यात हे कसं जमवावं

अंगावर काहीही न घालता रानातून चालणं हा काही देशांत रीतसर छंद आहे. जर्मनीत हार्झच्या डोंगरात डांकेरोडे गावाजवळ अशा लोकांसाठी २०१० पासून साधारण १८ किलोमीटरची खास वाट आहे. वाटेच्या तोंडाशी पाटी लावली आहे. तिचा आशय असा, की उघडी माणसं बघायची नसतील तर पुढे जाऊ नका. इंग्लंडमध्ये नुसतं उघडं असणं हा गुन्हा धरत नाहीत, समोरच्याला घाबरवायचा किंवा त्रास द्यायचा हेतू असेल तरच २००३ चा कायदा आड येतो. स्वित्झर्लंडच्या आपेनझेल भागात मात्र २००९ साली लोकांनी भर चौकातल्या सभेत हात वर करून अशा चालण्यावर दंड बसवला. म्हणजे तिकडेही सगळीकडे हिरवा कंदील नाही.

आपल्याकडे काय चालतं, कुठं चालतं आणि रानात भेटणाऱ्या माणसांशी कसं जमवून घ्यायचं, ते खाली सांगतो.

आधी कायदा

सार्वजनिक जंगलात पूर्ण उघड्यानं फिरणं मराठवाड्यात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य करण्याबद्दल आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ११० सार्वजनिक जागी असभ्यपणे अंग उघडं टाकण्याबद्दलच आहे. ‘पण तिथं कोणी नव्हतंच’ हा बचाव फार टिकत नाही, कारण कोणी नसतं तर तक्रार आली कुठून? आणि फोटो टाकलात तर माहिती तंत्रज्ञान कायदाही मागे लागतो. २०२० साली गोव्याच्या किनाऱ्यावर पळतानाचा फोटो टाकल्यावर मिलिंद सोमण यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला, तो या दोन्ही बाजूंनी.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, दिगंबर मुनी चालतातच की. चालतात. कुंथलगिरीकडे विहार करणारे मुनी धाराशिव-बीडच्या रस्त्यांवर आपण पाहतो, वेरूळच्या जैन लेण्यांत वेली अंगावर चढलेला बाहुबलीही पाहतो. पण ते आयुष्यभराचं व्रत आहे. घर, पैसा, चूल सगळं सोडून घेतलेलं. रविवारच्या फिरण्यासाठी त्यांचा दाखला काढू नका. पोलिसांपुढे तर नाहीच, गावकऱ्यांपुढे त्याहून नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. पायात काही न घालता चालणं पूर्ण मोकळं आहे. पुरुषांना कंबरेवर पंचा किंवा अर्धी चड्डी ठेवून वरचं अंग उघडं टाकता येतं. मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करणारा, बैल धुणारा उघडा माणूस इथे कोणाला नवा नाही. बायांना हीच मोकळीक नाही, आणि ते गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी पातळ सुती, बिनबाह्यांचे कपडे, उघडे पाय आणि सोबत एवढंच बाहेरच्या रानात शक्य आहे. पूर्ण कपड्यांशिवाय चालायचं तर स्वतःच्या वावरात. त्याबद्दल शेवटाकडे बोलू.

रिकामं रान शोधू नका

या सगळ्यातली मुख्य गोष्ट हीच. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं, रान म्हणजे निर्जन. मराठवाड्यात निर्जन रान नाही. बालाघाटाच्या डोंगरात पावसाळा सरता सरता सीताफळं तोडणारी माणसं झाडाझाडाला असतात. किनवटकडे एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्त्याची मजुरी चालते. इतर दिवशी शेळ्या, मेंढरं, सरपणाला निघालेल्या बाया, मोहोळ काढणारी पोरं. तुम्हाला कोणी दिसलं नाही, याचा अर्थ तुम्ही कोणाला दिसला नाही असा होत नाही. टेकाडावर बसलेल्या गुराख्याला तुम्ही गाडीतून उतरल्यापासून दिसत असता.

म्हणून बेत आखताना ‘कोणी भेटणार नाही’ असं न धरता ‘कोणीतरी भेटणारच’ असं धरा.

गौताळा औट्रम घाट आणि येडशीचं रामलिंग ही अभयारण्यं आहेत. तिथं वनविभागाच्या परवानगीनं, ठरल्या वेळेत आणि ठरल्या वाटेनंच फिरायचं. आडवाटा धरायच्या नाहीत. श्रावणात, त्यातही सोमवारी, रामलिंगला पाय ठेवायला जागा नसते. ते दिवस टाळाच. आणि इतर कधीही गेलात तरी देवळाकडे जाताना गाडीतळापासूनच सदरा अंगात असू द्या. आणखी एक. यवतमाळच्या टिपेश्वरकडून चालत आलेला वाघ २०२१ साली गौताळ्यात कॅमेऱ्यात टिपला गेला. असे कॅमेरे झाडांना बांधलेले असतात आणि समोरून जो जाईल त्याचा फोटो काढतात. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात तुमचीच पाठ यायची, आणि ती वनरक्षकानं साहेबाला दाखवायची, हे टाळण्यासारखं आहे.

सुरुवातीला सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या गावचं माळरान किंवा नातेवाइकांच्या शेताला लागून असलेला डोंगर. आदल्या दिवशी पारावर जाऊन सांगून ठेवा, ‘उद्या सकाळी अनवाणी डोंगर चढणार आहे, डॉक्टरनं सांगितलंय.’ डॉक्टरचं नाव नाही घेतलं तरी चालतं. बातमी आपोआप गावभर जाते आणि दुसऱ्या दिवशी कोणी दचकत नाही.

पाय आधी तयार करा

एकदम डोंगरावर चप्पल काढाल तर शंभर पावलांत परत घालाल. आधी आठवडाभर घराच्या अंगणात आणि गच्चीवर चाला. मग शेतातली गाडीवाट घ्या. चाकाखाली दबलेली काळी माती पायाला मऊ लागते. मुरूम शेवटी ठेवा. मोठा दगड पायाला फारसं काही करत नाही, मुरमाचे खडे मात्र टाचेखाली जीव काढतात. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका, चिखल पायाला असा चिकटतो की प्रत्येक पाऊल किलोभर जड होतं. फेब्रुवारी सरला की नऊ-दहानंतर काळा खडक तापतो आणि तळवा भाजतो. चांगले महिने ऑक्टोबर ते जानेवारी, वेळ उजाडल्यापासून दोन-तीन तास.

त्याच महिन्यांत कुसळंही असतात, हा त्यातला फटका. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि कुसळ सुटतं. ते कपड्यात घुसतं तसंच बोटांच्या बेचक्यात घुसतं आणि आतच सरकत जातं. गवतातून न जाता गुरांच्या वाटेनं जा. गायरानात सराटा बघा. जमिनीलगत पसरलेली, पिवळी फुलं असलेली वेल. तिचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर असतोच. बाभूळ आणि वेडी बाभूळ यांच्या खाली चालायचंच नाही. नजर तीन-चार पावलं पुढे ठेवा. देखावा बघायचा असेल तर थांबून बघा, चालता चालता नको.

चप्पल घरी ठेवू नका. पाठीवरच्या पिशवीत असू द्या. हातात काठी घ्या आणि ती आपटत चाला. नाग काठीच्या धमकानं बहुतेक वेळा सरकतो. घोणस बऱ्याचदा जागीच पडून राहते. फुरसंही लहान असतं, दगडाआड असतं आणि सहसा जागा सोडत नाही, म्हणून दगडाच्या कपारीत पाय किंवा हात घालायचा नाही. चावलंच तर बांधाबांध, चिरफाड, मंत्र-तंत्र काही नाही. पाय हलू न देता १०८ ला फोन आणि सरकारी दवाखाना.

उघड्या अंगाचे वैरी

पहिला नंबर खाजकुयलीचा. हिवाळ्यात वेलीवर तपकिरी मखमली शेंगा लोंबतात, दिसायला सुरेख. वाळल्यावर त्यांची लव वाऱ्यानंही उडते. उघड्या पाठीवर पडली की माणूस नाचायला लागतो. अशा वेळी खाजवू नका, चोळू नका, तिथंच ओढ्यात उतरून अंग रगडूही नका. कोरडी राख किंवा माती हलक्या हातानं लावून झटका, नाहीतर चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा. वेल ओळखता येत नसेल तर सदरा काढण्याआधी एखाद्या गुराख्याला विचारून घ्या. बिब्ब्याच्या झाडाला टेकू नका, त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. अत्तर, सुवासिक तेल लावून जाऊ नका, आग्या मोहोळाच्या माश्यांना वास चालत नाही. बाकी उन्हाची काळजी तुम्हाला ठाऊकच आहे.

माणूस भेटला की

माणसाआधी बहुतेक वेळा घंटी ऐकू येते, नाहीतर कुत्रं. धनगराचं कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, काठी खाली करा आणि मालकाला हाक मारा. घंटी ऐकू आली की त्याच क्षणी सदरा अंगात घाला. सदरा पिशवीत तळाशी न ठेवता खांद्यावर टाकलेला असावा, तो याचसाठी.

आणि लपू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण लाजरा माणूस नेमकं हेच करतो. झुडपाआडून डोकावणारा उघडा माणूस म्हणजे चोर, नाहीतर त्याहून वाईट काहीतरी. वाटेवर उभ्या असलेल्या, लांबूनच ‘राम राम मामा’ म्हणणाऱ्या माणसाला कोणी काही करत नाही. पुढचा संवाद साधारण ठरलेला असतो:

‘राम राम. कुण्या गावचे पाव्हणे?’

‘लातूरचा आहे, मामा. इथं अमक्याकडं आलोय.’

‘अन् चप्पल? तुटली का काय?’

‘नाही, मुद्दाम काढलीय.’

‘नवस हाय व्हय?’

इथं खोटं बोलायची गरज नाही. नवरात्रात तुळजापूरला अनवाणी जाणारी माणसं या भागात इतकी आहेत, की अनवाणी माणसाकडे वाईट नजरेनं कोणी बघत नाही. ‘नवस नाही, पायाला बरं वाटतं’ एवढं पुरतं. मामा बहुतेक स्वतःच्या पायाच्या भेगा दाखवतील आणि पुढची वाट कुठं काट्याची आहे तेही सांगतील. तंबाखू पुढे केली आणि खात नसाल तर हात जोडून नाही म्हणा. बसायला सांगितलं तर दोन मिनिटं बसा.

बाई एकटी असेल किंवा सरपणाच्या बायांचा घोळका असेल तेव्हा नियम जास्त कडक. पुरुष असाल तर सदरा घालून, बटणं लावून, वाट सोडून बाजूला उभे राहा आणि त्यांना आधी जाऊ द्या. तोंडानं काही बोलायचंच असेल तर ‘मावशी, ही वाट खाली गावात जाते का?’ इतकंच. त्यांच्या मागे मागे त्याच वाटेनं चालायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं बसा, नाहीतर दुसरी वाट घ्या. तुमच्या मनात काही नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना कसं कळणार? पाणवठ्यावर धुणं चालू असेल तर तिकडे फिरकूच नका. शाळेची सहल दिसली तर त्या दिवसापुरता सदरा आणि चप्पल दोन्ही घाला आणि विषय संपवा.

वनरक्षकानं हटकलं तर ‘माझा हक्क आहे’ हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. साहेब म्हणा, नाव-गाव सांगा, परवानगीचा कागद दाखवा. त्यानं परत जा म्हटलं तर परत जा. तो माणूस वर्षभर त्या रानात असतो, तुम्ही सकाळपुरते. फोन पिशवीत. स्वतःचे फोटोही नकोत, कारण लांबून बघणाऱ्याला तुम्ही कोणाचा फोटो काढताय हे कळत नाही.

स्वतःच्या वावरात

आखाडा, म्हणजे शेतातला गोठा-घर असेल, चार बाजूंनी तुरीचं किंवा उसाचं उभं पीक असेल किंवा जुनी आमराई असेल, तर कपड्यांशिवाय चालण्याची हौस इथं भागवता येते. पण रस्त्यावरून किंवा शेजारच्या बांधावरून दिसत असेल, तर ‘माझीच जमीन’ म्हणून सुटका होईल असं धरू नका. आधी घरातल्या सगळ्यांना सांगा. सालगड्याला त्या दिवशी सुट्टी द्या, त्याच्या घरच्यांनाही. विहीर भावकीत सामाईक असेल तर मामला अवघड आहे, पाण्याच्या पाळीला कोण कधी येईल नेम नाही. रात्री चांदण्यात चालू म्हणाल तर शेतीची लाईट कोणत्या वेळेला आहे ते बघा. रात्रपाळीची असेल तर शेजारी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला येणारच. ऊसतोड चालू असेल त्या महिन्यात तर विचारच सोडा. टोळीतली माणसं पहाटेपासून फडात असतात आणि त्यांच्या बाया-लेकरांची कोपी, म्हणजे झोपडी, तुमच्याच बांधाला असू शकते.

परत आल्यावर

पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवा, मग उजेडात तळवे बघा. काटा मोडून आत राहिला असेल तर बाभळीच्या काट्यानं उकरत बसू नका, सुई विस्तवावर धरून, गार करून वापरा. काखेत, कंबरेला, कानामागे गोचीड बघा. जखम झाली असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. शेणामातीच्या रानात अनवाणी चालणाऱ्यानं हे टाळू नये.