खडकाळ उतारावर बटरफ्लाय मिल्कवीड : रोपं का मरत होती

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या ओझार्क डोंगराळ भागात बटरफ्लाय मिल्कवीड ही नारिंगी फुलांची वनस्पती चुनखडीच्या चुरीत आपसूक वाढते. बागेतल्या तशाच उतारावर मात्र लावलेली रोपं हिवाळ्यात जात होती. दोष जमिनीचा नव्हता, खड्ड्यात घातलेल्या कंपोस्टचा होता. कडक जमिनीतला मऊ खड्डा पाणी धरून ठेवतो आणि जाड सोटमूळ थंडीत कुजतं.

आता कंपोस्ट नाही, खत अजिबात नाही. खणून निघालेली दगडमातीच परत भरायची.

बी ओलसर वाळूत मिसळून ३० ते ६० दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, मग ६ मिलिमीटर खोल पेरलं. उथळ ट्रेमध्ये सोटमूळ तळाशी वळतं आणि असं रोप पुढे नीट धरत नाही, म्हणून २० सेंटिमीटर खोल नळ्या वापरल्या. एकदा जमिनीत लावलं की जागा बदलू नये. मूळ तुटलं की बहुतेकदा रोप जातं.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, नंतर बंद. फुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

वसंतात हिचे कोंब फार उशिरा दिसतात. मेली समजून उकरू नका, जागेवर आधीच खुंटी ठोका.

पिवळा मावा (रस शोषणारी बारीक कीड) पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. कीटकनाशक मुळीच नको, पानांवर मोनार्क फुलपाखराच्या अळ्या असतात. आपल्या रुईच्याच कुळातली ही, पण हिला पांढरा चीक नसतो.